थोरल्या बहिणीचा मान

"साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर बाईला खरा मान कुठं असंल, तर तो फकस्त आपल्या टोंगाच्या बेटांवर," असं आमचा गावप्रमुख पाउला कावाच्या मुळांचं गुंगीचं पेय पिताना नेहमी सांगायचा. सांगताना आवाज जरा चढवायचा, कारण मागं त्याची बायको कुऱ्हाडीनं लाकडं फोडत असायची.

तसं त्याचंही खोटं नव्हतं. आमच्यात बहीण वर आणि भाऊ खाली. बहीण बसली असेल त्या खोलीत भाऊ पाय टाकत नाही. तिच्या अंगाचं, दुखण्याखुपण्याचं नाव त्यानं काढायचं नाही, तिच्यासमोर नाही आणि तिच्या माघारीही नाही. लग्नात, मयतात आत्याबाई सगळ्यांत उंच चटयांवर. बायकोची गोष्ट वेगळी. पण बायकोही कुणाची तरी बहीण असतेच. तिनं माहेरी जाऊन मान घ्यावा.

लोसालिने ही आमच्या दवाखान्यातल्या मदतनीस सेमिसीची थोरली बहीण. नवरा समुद्रात बोनिटो मासे मारायला गेला तो परत आला नाही, मूलबाळ नाही. झाडाच्या सालीचं कापड कुटावं तर तिनंच. तिची मोगरी फळीवर पडायला लागली की बाकीच्या बायका आपोआप ताल धरायच्या.

त्या दिवशी मोठ्या बेटावरून आरोग्याच्या बायका लाँचनं आल्या. चर्चच्या हॉलमध्ये पडदे लावले आणि गावातल्या बायांना एकेक करून आत धाडलं. गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर धरण्याआधी त्याचा विषाणू सापडतो, तो बघायचा होता. दुपारी कापड कुटायच्या छपरात सगळा हिशोब निघाला.

"झालं का गं तुजं?" शेजारच्या फिफितानं विचारलं.

"झालं की. कापसाची काडी देत्यात. आपली आपणच फिरवायची नि नळीत घालायची," लोसालिने म्हणाली. "पल्याडच्या पडद्यात पाद्रीणबाई स्तोत्र म्हणत हुत्या."

"मला वाटलं डॉक्टरीण बगंल. मी नवा परकर घालून गेलते."

"मग?"

"मग काय. कुणीच बगितला न्हाई."

बायका हसल्या आणि मोगऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

निकाल फोनवर येणार होता. सगळ्या बायांनी नंबर दिला तो दवाखान्याचा, कारण तिथंच रेंज येते. दवाखान्यात खरं तर नर्स असायची; पण ती हंगामाला सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला गेली होती. म्हणून फोन घेतला सेमिसीनं. पलीकडची बाई म्हणाली, "दोघींचं खराब आलंय. फिफिता आणि लोसालिने. पुढच्या बोटीनं पाठवा. आत्ता आल्या तर काम सोपं आहे."

सेमिसी तडक दुकानात गेला. फिफिता डब्यातली मासळी घेत होती. दुकान भरलेलं.

"फिफिते, तुज्या पिशवीच्या तोंडाला खराबी हाय. येत्या बोटीनं जा."

"माज्या पिशवीचं तोंड तू दुकानात उघडतूस व्हय रं, मेल्या?"

"जाताना माज्या थोरल्या बहिनीलाबी संगं ने."

"तिला कशापायी?"

सेमिसीनं समुद्राकडं बघितलं. "हवापालट," म्हणाला.

लोसालिनेला निरोप पोचला, तसाच्या तसा. ती म्हणाली, "हवा हितं काय कमी हाय? भाच्याचं लगीन तोंडावर आलंय, कापड अर्धं बी झालं न्हाई. आनि माज्या नावानं काय फोन आला न्हाई. म्हंजी मी निर्मळ."

भाचा म्हणजे सेमिसीचाच थोरला.

फिफिता शिव्या देत एकटी गेली. पुढच्या बोटीनं परत आली. "डाग दिला, च्या पाजला, जा म्हनाल्या," एवढंच तिचं सांगणं. आजही ती ठणठणीत आहे आणि आजही सेमिसीला शिव्या देते.

सेमिसीनं हात टेकले असं मात्र नाही. तो पाद्रीबाबांकडं गेला आणि मोघम बोलला. पाद्रीबाबांनी रविवारी "या गावातल्या एका थोर स्त्रीच्या प्रकृतीसाठी" प्रार्थना केली. चर्चमधल्या झाडून सगळ्या बायांनी आपापल्या टोप्या नीट केल्या.

लग्न झोकात झालं. लोसालिने सगळ्यांत उंच चटयांवर, अंगाला कापडाच्या घड्यांवर घड्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. केवढा रुबाब, असं सगळे म्हणाले. अंधार पडल्यावर फिफितानं तिला उठवलं तेव्हा खालच्या तीन चटया भिजलेल्या होत्या, त्या जाळाव्या लागल्या.

मग औषधाच्या खेपा सुरू झाल्या. दवाखान्यात फिफिता जायची.

"तिची कंबर दुकतीया."

सेमिसी पॅरासिटामॉल द्यायचा. "आनि काय हुतंय?"

"बाईमानसाचं."

"मग मला सांगू नगंस."

दुखणं डुकराला नि डाग कोंबडीला, असं आमच्याकडं सहा महिने चाललं. एक दिवस फिफितानं गोळ्यांची डबी त्याच्या टेबलावर आपटली.

"बाई वाळत चाललीया. घरात वास मारतुया. तुला ठावं हाय का तिला काय झालंय ते?"

"ठावं हाय," सेमिसी म्हणाला आणि रडायला लागला. "तुज्याच फोनात तिचंबी नाव हुतं."

"मला तर भर दुकानात सांगितलंस की."

"तू माजी बहीन न्हाईस."

"देवाची किरपा," फिफिता म्हणाली.

त्याच आठवड्यात तिनं लोसालिनेला उचलून बोटीत घातलं. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरणीनं तपासलं आणि हात धुऊन शेजारी बसली. गाठ ओटीपोटात पसरली होती, कापून काढण्यापलीकडं. किरणांचा उपचार न्यूझीलंडला होता. पण इतक्या पुढं गेलेल्या बाईला तिकडं घेत नाहीत. दुखणं मारायचं औषध बाटलीत भरून दिलं. डॉक्टरणीनं विचारलं, "फोन आला तेव्हा का आला नाहीत?" लोसालिने म्हणाली, "कसला फोन?"

गावात परतल्यावर कावा पिताना पाउला म्हणाला, "भाऊ असावा तर सेमिसीसारखा. एवढं झालं, पन मर्यादा सोडली न्हाई." आम्ही माना हलवल्या. कावा चांगला झाला होता.

शेवटी सेमिसीनं मर्यादा सोडली. भर दुपारी तो बहिणीच्या घरी गेला आणि उंबऱ्यातच मांडी घालून बसला. छपरातल्या मोगऱ्या थांबल्या. आत लोसालिने चटईवर पडली होती, पांघरूण बाजूला सारून, घामानं निथळत. तिच्या उशाला फिफिता.

"आक्का," तो म्हणाला, "मला आदीपासनं ठावं हुतं. फोन मीच घेतलेला. तुमच्या गर्भपिशवीचं नाव माज्या तोंडातनं निघंना. मानापायी निघंना, आक्का. मी तुमाला मारलं."

बेटावर कुणा भावानं बहिणीला 'गर्भपिशवी' हा शब्द कधी ऐकवला नव्हता. फिफितानं तोंडावर हात ठेवला. कुंपणाबाहेर आम्ही पाच-सहा जण उभे होतो, ते पायाखालची माती बघायला लागलो.

लोसालिने कुशीवर वळली.

"झालं बोलून?"

"व्हय, आक्का."

"मग जरा बाजूला सरक. दारातनं वारं येतंय, ते आडलंय."