येसूबाईच्या कनवटीची मिशरीची डबी

मी येसूबाईच्या मिशरीची डबी बोलतेय. अंग पितळेचं, झाकण घट्ट, स्वभाव वाईट. आधीच सांगून ठेवते, मला कुणाची दया येत नाही.

एडवणच्या येसूबाईला मी सासूकडून मिळाले. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि माझ्यात भरायची. पहाटे दातांना, बोईसरच्या बाजारात मासळी विकताना, जेवल्यावर, निजताना, माझ्याशिवाय तिचं पान हलत नसे. सासू घास अडकून अडकून गेली, तेव्हा गावानं दैवाला बोल लावला. मी कनवटीला गप्प बसून होते.

मग येसूबाईचाही घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, मग पेजसुद्धा. शहरातल्या इस्पितळात अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला.

"मिशरी आजपासून बंद," डॉक्टर उत्कर्षा म्हणाल्या. मग त्यांनी एका नव्या औषधाच्या चाचणीबद्दल समजावलं. नेहमीचा उपचार सगळ्यांना मिळणार. जोडीला सलाईनमधून कुणाला नवं औषध, कुणाला नुसतंच सलाईन. कुणाला काय, ते संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार, डॉक्टरांनाही कळणार नाही. नको वाटलं तर केव्हाही सोडता येईल.

"मंजे मला निसतं पानीच मिळालं तर?"

"मिळू शकतं, मावशी. पण यातून जे कळेल ते पुढच्या बायकांच्या कामी येईल."

येसूबाईनं मला काढून टेबलावर आपटलं. "माजी सासू हिनं खाल्ली. मला पानी मिळू दे नायतर औषद. हिचा सूड घ्यायला तुमी निगालाय ना? मंग मी हाय तुमच्यासंगं!" आणि सही केली.

माझा नुसता जळफळाट झाला. तिचे केस गेले, उलट्यांनी जीव नकोसा झाला. घरी फळीवर टाकलेली मी म्हणत होते, झक मारत येशील माझ्याकडे. ती आली नाही.

मग मी सुनेवर डोळा ठेवला. उन्नतीची दाढ ठणकत होती. तिनं माझं झाकण उघडलं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"उन्नती," खाटेवरून बसका आवाज आला, "तिच्यात तुज्या आजेसासूचा जीव हाय, माजा अर्दा हाय. तुजा टाकायला जागा नाय."

उन्नती दातांच्या डॉक्टरकडे गेली. येसूबाईनं मला मोरीत झटकून खिळ्यानं तळाला भोकं पाडली. वाटलं, आता भंगारात देईल. पण एवढी भली ती कुठली!

गाठ आकसलीय म्हणतात. नव्या औषधानं की जुन्यानं, कुणालाच ठाऊक नाही. पुढचंही कुणी सांगत नाही. पण रोज दुपारी ती मला ताटासमोर मांडते, बोंबलाच्या कालवणात मऊ भात कालवते आणि म्हणते, "बग."

काल घास अडकला. मी आशेनं बघत राहिले. ती घोटभर पाणी प्यायली, तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं आणि तो गिळला.

बाबांनो, भंगारवाला भेटला तर या दारी धाडा. मला तिचं जेवण बघवत नाही.