गोड लिंबाचं शिबिर

"अगं बाई! गोड!"

"साखर घातल्यासारखं लागतंय!"

"अजून एक फोड द्या हो इकडे!"

सिंगापुरातल्या पुंगोल भागात, कोंडो म्हणतात तसल्या एका खाजगी गृहसंकुलाच्या फंक्शन रूममध्ये शुक्रवारी संध्याकाळी साठ-सत्तर मराठी माणसं नुसती लिंबं चोखत होती. ज्यांच्या केबिनमध्ये शिरताना एरवी लोकांना घाम फुटतो, असले बँकेतले साहेब लहान पोरांसारखे बोटं चाटत होते. एकाचंही तोंड वेडंवाकडं होत नव्हतं. एक बाई तर गहिवरून रडायलाच लागल्या.

समोर पांढऱ्या सोफ्यावर मधुरानंद महाराज बसले होते. भगवी वस्त्रं नाहीत, जटा नाहीत, अंगारा नाही. मोतिया रंगाचा इस्त्रीचा कुडता, गालाला चिकटलेला मायक्रोफोन आणि पायाशी एक आइसबॉक्स. त्या आइसबॉक्समध्ये अमृतबीज! करवंदाएवढं, लालचुटूक फळ. दोन मिनिटं जिभेवर घोळवायचं, गर चाटून खायचा आणि बी मात्र चांदीच्या वाटीत परत करायचं. मग लिंबू चोखायचं.

"मी देव मानायला सांगत नाही," महाराज म्हणाले. "मी चमत्कार करत नाही. मी प्रयोग करतो! साखर कुठे असते? रक्तात? साफ चूक! साखर असते मनात. मन म्हणतं दे, रक्त म्हणतं घे! आज तुमच्या जिभेचं मन फिरलं. ज्याला आंबटात गोड सापडलं, त्याच्या देहानं आपली साखर आपण सांभाळायला घेतली. आता सुया कशाला? गोळ्या कशाला?"

सोफ्याशेजारी तांब्याचा मोठा हंडा होता. औषधं त्यात टाकायची आणि रविवारी शिबिर संपताना त्या सगळ्यांचं समुद्रात विसर्जन करायचं. शिबिर भरवणाऱ्या विनीताबाईंनी लगबगीनं महाराजांच्या कानात काहीतरी सांगितलं. सिंगापुरात पाण्यात कचरा टाकला तर काय होतं, ते असावं. महाराज घसा साफ करून म्हणाले, "विसर्जन मनानं. वस्तू बिल्डिंगच्या कचरा खाली सोडायच्या नळीत."

हंड्याकडे सगळ्यात आधी कोण गेलं असेल? रावसाहेब मेश्राम! त्यांनी खिशातून इन्सुलिनचं पेन काढलं, सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं आणि ठण्णकन हंड्यात टाकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीत त्यांच्या पत्नी मीराबाई बसल्या होत्या. गेली नऊ वर्षं रोज जेवणाआधी त्या पेनाची आठवण त्याच करून देत होत्या. नवऱ्याची तब्येत हे त्यांचं रोजचं काम होतं, आणि आज नवऱ्यानं ते भर सभेत हंड्यात टाकलं होतं.

गंमत बघा. रावसाहेब म्हणजे जन्मभर बुवाबाजीला शिव्या घालणारा माणूस. नागपुरात शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी छत्तीस वर्षं नोकरी केली. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की हे पुढे होऊन विचारायचे, "बरं, आता पाढे म्हणून दाखव." पण महाराजांनी देवाचं नाव घेतलं नाही, 'प्रयोग' म्हटलं, आणि आमचा प्रयोगशाळेतला माणूस विरघळला.

मीराबाईंनीही फळ खाल्लं होतं. लिंबू त्यांनाही गोड लागलं. खोटं कशाला बोला, चांगलं मधासारखं गोड लागलं. त्यांनी हात वर केला.

"महाराज, मला शुगर नाहीच. मग माझं काय बरं झालं?"

"माई, तुम्हाला होणार होती. टळली!"

पुन्हा टाळ्या. तेवढ्यात विनीताबाई चांदीची वाटी घेऊन आल्या.

"काकू, बी?"

"अगंबाई, गिळलं की हो!" मीराबाई म्हणाल्या. बी त्यांच्या गालात होतं. नागपूरच्या नर्सरीत तीस वर्षं रोपं वाढवलेली ती बाई. नवं फळ खाऊन बी दुसऱ्याच्या हवाली करणं तिच्या हातून व्हायचंच नाही.

नंतर खाली ताक, चिवडा होता. ताक प्यायल्या तर ते साखर घातल्यासारखं. पाणी मात्र पाण्यासारखंच, चिवडाही नेहमीसारखा. घरी आल्यावर वरणावर लिंबू पिळलं, तर ते आपलं नेहमीसारखं आंबट! मीराबाईंनी मनाशी नोंद केली. गोड होतं ते फक्त आंबट, आणि तेही तासाभरापुरतं.

घरी मुलगा धम्मानंद वाटच पाहत होता; त्याच्याकडेच दोघं दोन महिन्यांपूर्वी नागपुरातून आले होते. सिंगापुरातल्याच क्लेमेंटी भागातल्या विद्यापीठात तो पाणी शुद्ध करण्यावर संशोधन करतो. पेन कुठे गेलं ते कळल्यावर त्यानं डोक्याला हात लावला.

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला? जीव जाईल!"

"तुझी पीएचडी ठेव तुझ्यापाशी! तुझ्या आईला विचार. लिंबू गोड लागलं की नाही?"

मीराबाईंची पंचाईत झाली. "लागलं," त्या म्हणाल्या.

"झालं तर मग! मी डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. मी चाखून पाहिलं."

दुसरं पेन फ्रिजमध्ये होतं. रावसाहेबांनी त्याला हात लावू दिला नाही. शुगर मोजायचं यंत्र स्वतःच्या पिशवीत घालून ठेवलं. रात्रभर ते पाणी पीत होते आणि बाथरूमला जात होते. सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागले. मीराबाईंचा जीव वरखाली होत होता. भांडून हा माणूस ऐकणार नाही, हे त्यांना चव्वेचाळीस वर्षांच्या अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. त्याचा प्रयोग प्रयोगानंच हाणून पाडायला हवा होता.

शनिवारी सकाळी त्या मुलाला घेऊन खाली उतरल्या. बिल्डिंगखाली रहिवाशांची बाग होती आणि तिथे मिस्टर लिम नावाचे सत्तरीचे गृहस्थ रोज सकाळी राबत. मीराबाईंना इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं, तरी दोन महिन्यांत दोघांनी मिळून भेंडीचा एक वाफा उभा केला होता. मीराबाईंनी पदराची गाठ सोडून बी पुढे धरलं.

लिम ते बोटांत फिरवून खो खो हसले आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "आंटी, धिस वन मिरॅकल फ्रूट लाह!"

ते त्यांना कोपऱ्यात घेऊन गेले. मोठ्या कुंडीत कमरेएवढं, गर्द पानांचं झाड. पानांच्या आड तीच लालचुटूक फळं! मीराबाई बघतच राहिल्या. लिम बोलत गेले आणि धम्मानंद आईला मराठीत सांगत गेला. झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. तिकडचे लोक आंबट भाकरी आणि आंबलेली ताडी गोड लागावी म्हणून आधी हे फळ चघळतात. फळात एक प्रथिन असतं, ते जिभेला चिकटतं. तोंडात आंबट आलं की ते जिभेवरची गोडाची घंटी वाजवतं. तासाभरात लाळेबरोबर निघून जातं आणि खेळ संपतो. फळ तोडल्यावर दोन दिवसांत खराब होतं, म्हणून गोठवून ठेवावं लागतं.

"म्हणून तो आइसबॉक्स!" मीराबाई म्हणाल्या. "आणि मेला सांगत होता, गुरूंच्या तपाची उष्णता शांत ठेवावी लागते!"

"माती कसली घालता?" हा प्रश्न मात्र नर्सरीवाल्या बाईला विचारल्याशिवाय राहवेना.

लिमना तो आवडला. "आंबट माती," ते म्हणाले. "हे चुनखडीच्या जागी जगत नाही. मी पावसाचं पाणी साठवून घालतो. वाढायला भारी आळशी. बी लावलं की पहिलं फळ तीन-चार वर्षांनी." मग एक पान पुसत हळू आवाजात म्हणाले, "माझ्या बायकोची कीमो चालली होती. कुठलाही घास तिला लोखंडासारखा लागायचा. जेवणाआधी हे एक फळ दिलं की दोन घास खायची. औषध डॉक्टर देत होते. झाडानं फक्त जेवण सोसवेल असं केलं."

मीराबाईंचे डोळे भरून आले. झाड बिचारं गुणाचं होतं. वाईट होता तो त्याच्या नावावर सुया फेकायला लावणारा. लिमनी न विचारता डबाभर फळं तोडून दिली.

रविवारी सकाळी फंक्शन रूम पुन्हा भरली. हंडा औषधांनी अर्धा भरला होता. रावसाहेबांचे ओठ सुकले होते, चेहरा उतरला होता, पण ऐट कायम होती. महाराज हंड्याकडे हात करून विसर्जनाचा मंत्र सुरू करणार, एवढ्यात मीराबाई उठल्या.

"महाराज, दोन दिवस तुम्ही प्रयोग केला. आज एक मी करते."

"माई, आत्ता विघ्न नको—"

"विघ्न कसलं? प्रयोगाला कोण घाबरतं? विनीताबाई, या बरं इकडे!"

त्यांनी डबा उघडला आणि विनीताबाईंच्या तोंडात एक फळ दिलं. आणखी चार जणांना दिलं. "मंत्र पण म्हणते हं," असं म्हणून डोळे मिटून त्यांनी सुरू केलं, "मेथी एक जुडी, कोथिंबीर, अर्धा किलो कांदे, ओलं खोबरं..."

लोक हसायला लागले. पाचही जणांनी लिंबू चोखलं.

विनीताबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "गोडच आहे की!"

"कोथिंबिरीचा प्रताप!" मीराबाई म्हणाल्या. "ही फळं आमच्या बिल्डिंगखालच्या बागेतली. कुंडीत येतात. म्हणून यांना बी परत हवं असतं. नाहीतर तुमच्या सगळ्यांच्या दारात अमृतबीज लागलं असतं!"

महाराज हसले. "माई, झाड एक असेल. पण माझ्या मंत्रानं लिंबाची प्रकृतीच बदलते. आंबटपणा नाहीसा होतो."

"असं? अहो, जरा इकडे या." मीराबाईंनी नवऱ्याला बोलावलं. महाराजांच्याच ताटातलं, त्यांनी मंतरलेलं लिंबू पेल्यात पिळलं आणि पिशवीतून खायच्या सोड्याची पुडी काढली. "छत्तीस वर्षं प्रयोगशाळेत होतात ना? मग टाका सोडा, आणि काय होतं ते मोठ्यानं सांगा."

रावसाहेबांनी चिमूटभर सोडा टाकला. पेला फसफसून वर आला.

रावसाहेब त्या फेसाकडे बघत राहिले. सातवीच्या पोरांपुढे हा प्रयोग त्यांनी किती वेळा मांडला असेल! त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "आम्ल आहे. लिंबू आंबटच आहे. काही बदललेलं नाही."

"मग गोड कुणाला लागलं?"

"जिभेला."

"आणि रक्ताला कुणी विचारलं?"

रावसाहेबांनी स्वतःच पिशवीतून यंत्र काढलं. बोट पुढे केलं. आईसोबत आलेल्या धम्मानंदनं सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला.

"तीनशे बेचाळीस," त्यानं वाचलं.

"सुरुवातीला वाढतेच! विष बाहेर पडतं आहे!" महाराज ओरडले.

"बाहेर पडताय ते तुम्ही," मीराबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सरळ हंड्यात हात घालून नवऱ्याचं पेन काढलं. त्यांच्यामागे एक एक माणूस उठला. आपापल्या गोळ्या शोधायला अशी झुंबड उडाली की हंडा कलंडला. त्या गडबडीत महाराज आइसबॉक्स उचलून लिफ्टकडे गेले. विनीताबाई त्यांच्यामागे धावल्या, पण पाया पडायला नव्हे.

धम्मानंद बाबांना तडक डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी दोन दिवसांच्या उपद्व्यापाबद्दल चांगलं खडसावलं. संध्याकाळी रावसाहेब घरी आले ते मान खाली घालूनच.

"मीरा, मी चाखून पाहिलं होतं गं. डोळे मिटून नव्हतो गेलो."

"अर्धाच प्रयोग केलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी बुद्धवंदनेत 'एहिपस्सिको', म्हणजे 'या आणि पाहा', म्हणता. मग पुरतं पाहायचं. जिभेचं जिभेला विचारायचं, रक्ताचं रक्ताला."

आपणही एवढंच ध्यानात ठेवावं. डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट खरी असते, पण तिचा अर्थ सांगणारा खरा असेलच असं नाही. लिंबू गोड लागलं तर खुशाल म्हणा, गोड लागलं. का लागलं, ते विचारल्याशिवाय मात्र औषधाची गोळी खाली ठेवू नका. आणि ज्याला बी परत हवं असतं, त्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

मीराबाई दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये एक छोटी कुंडी घेऊन बसल्या होत्या. लिमनी दिलेली आंबट माती त्यांनी बोटानं उकरली, गालात लपवून आणलेलं ते बी आत ठेवलं आणि वरून पावसाचं पाणी शिंपडलं.

"फळ कधी येईल?" रावसाहेबांनी विचारलं.

"चार वर्षं लागतील." त्यांनी हात पुसले आणि इन्सुलिनचं पेन नवऱ्याच्या हातात दिलं. "तोवर हे घ्या. चाखायला तुम्ही पाहिजे आहात मला."

रावसाहेबांनी पोटावर सुई घ्यायला सदरा वर केला.