अर्धा पासवर्ड

मास्तरांच्या दुकानात कापडाला कात्री लागण्याआधी दोनदा माप होई. एकदा मास्तर घेत, दुसऱ्यांदा त्यांची बायको. पूर्वी एकदा घाईघाईत मास्तरांनी एका वकिलाच्या कोटाची डावी बाही तीन इंच आखूड कापली होती, तेव्हापासूनचा हा कायदा. शेअरचं खातं उघडलं तेव्हा बायकोने तो तिथेही लावला. पासवर्डचा पहिला अर्धा भाग मास्तरांचा, दुसरा तिचा. दोघांनी आपापली अक्षरं टाकल्याशिवाय तिथलं पान हलत नसे.

यंदा बाजार चढत होता आणि त्याच्याबरोबर मास्तरही. पँटचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक कुठला शेअर घ्यावा याचा फुकट सल्ला घेऊन जाई. अशात दुकानाच्या मालकाने निरोप दिला, "जागा विकतोय. बावीस वर्षांचे भाडेकरू म्हणून तुम्हाला सहा महिने देतो. नाहीतर शेजारचा मोबाईलवाला टपून बसलाच आहे."

मास्तरांची छाती फुगली. खात्यात जागेला पुरून उरतील एवढे पैसे होते.

"जागेपुरते आजच काढून बँकेत ठेवू," काज करता करता बायको म्हणाली.

"अगं, बाजार पळतोय. सहा महिन्यांत जागा घेऊन वर नवं मशीन येईल."

"आणि पडला तर?"

"पडायला काय झालंय त्याला?"

मास्तरांनी आपला अर्धा काही दिला नाही. आठवडाभर दोघं एकमेकांशी फक्त इंचांत बोलत होते.

मग मास्तरांच्या डोक्यात एका बॅटरी कंपनीने घर केलं. ते शेअर घ्यायचे तर बायकोचा अर्धा हवा.

"देते की," ती म्हणाली. "आधी जागेचे पैसे बाहेर. कोट शिवताना आत दोन बोटं कापड जास्तीचं कशाला सोडता?"

"माणूस सुटला तर उसवून सैल करता यावा म्हणून."

"शिवताना तो सुटलेला असतो का?"

पटलं म्हणून नव्हे, बॅटरीच्या मोहापायी मास्तरांनी अक्षरं टाकली.

तिसऱ्या महिन्यात बाजार सोमवारी घसरला आणि गुरुवारपर्यंत घसरतच राहिला. बॅटरी कंपनी निम्म्यावर आली. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"सगळं विकून टाकू. तुझा अर्धा टाक."

"नाही."

"अगं, बुडू आपण."

"जागेचे पैसे कुठे आहेत?"

"बँकेत."

"आणि हे कधी लागणार आहेत?"

"म्हातारपणी."

"मग म्हातारे झालात की विचारा."

पडद्याआड नवी पँट घालून बघणाऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं, "मास्तर, मी बाहेर येऊ, की बाजार सावरेपर्यंत थांबू?"

मास्तरांना हसू आलं नाही. ते खरोखर घाबरले होते. त्या दिवशी त्यांनी कात्रीला हात लावला नाही. मोबाईलवाला तेवढा दोनदा येऊन, वरवर चेहरा पाडून, भिंतींची लांबी बघून गेला.

सहाव्या महिन्यात मालकाला पूर्ण पैसे मिळाले आणि कागदांवर सह्या झाल्या. बाजार अजून खालीच होता. जागेचे पैसे तिथेच राहिले असते तर त्यातला तिसरा हिस्सा गेला असता, हा हिशेब मास्तरांनी पावतीच्या पाठीवर करून पाहिला आणि पावती खिशात घातली. मग एका चिठ्ठीवर आपली अक्षरं लिहून ती बायकोपुढे सरकवली.

"सगळा पासवर्ड तूच ठेव. मला अक्कल नाही."

तिने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि त्यांच्याच खिशात ठेवली.

"उद्या मी चुकले तर मला कोण अडवणार?" असं म्हणून तिने टेपचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. दारावरच्या नव्या पाटीचं माप घ्यायचं होतं.

माप सात फूट भरलं. मास्तरांनी ते लिहून घेतलं नाही. ते तिच्या बाजूला गेले, ती त्यांच्या बाजूला आली आणि दोघांनी पुन्हा मापलं.