अठ्ठेचाळीस नंबरचा वरचा मजला

"वांडा, ती गादी खाली ठेवा. आत्ताच्या आत्ता!"

आवाज दारावरच्या बेलमधून आला. बफेलोत गुडघाभर बर्फ साचला होता आणि बेलच्या कॅमेऱ्यातून हे सगळं बघणारे घरमालक क्रेग हॅलिडे दोन हजार मैलांवर अॅरिझोनात बसले होते.

वांडाने गादी चौकटीला टेकवली, हातमोजा दातांनी ओढला आणि खिशातून किल्ली काढली.

"खाली ठेवली तर भिजेल, मिस्टर हॅलिडे."

"चेष्टा नकोय मला. वरचा मजला आत्ताच रंगवून घेतलाय, अजून जाहिरातीचे फोटो काढायचेत. तिथे कोणी पाऊल टाकायचं नाही, असं लेखी कळवलं होतं मी."

"वाचलं मी."

वांडा एकसष्ट वर्षांची होती. बावीस वर्षं ती या भागातली सात जुनी लाकडी घरं सांभाळत होती. भाडेकरू बघायचे, गळती काढायची, पहाटे पायऱ्यांवरचा बर्फ ओढून, निसरडं होऊ नये म्हणून मीठ टाकायचं. पगारासोबत राहायला त्यातल्याच एका घरात दोन खोल्या होत्या. जुने मालक वारले आणि हॅलिडेंनी नुसते फोटो बघून सातही घरं विकत घेतली. तीन वर्षांत त्यांनी इथला एकही हिवाळा पाहिला नव्हता.

अठ्ठेचाळीस नंबरच्या तळमजल्यावर मिसेस ओडेसा टिलमन एकतीस वर्षं राहत होत्या. वय एकोणऐंशी. इस्पितळात लोकांची दुखणीखुपणी काढण्यात उमेदीची वर्षं गेलेली. सोमवारी त्यांचं घर तापवणारी तळघरातली भट्टी बंद पडली. आतल्या पत्र्याला चीर गेली होती. घरात विषारी वायू पसरेल म्हणून दुरुस्तीवाल्याने गॅस तोडला आणि भट्टीवर लाल चिठ्ठी लावली. आता नवीच बसवायला हवी होती. वरच्या मजल्याची भट्टी वेगळी, चांगली चालणारी, आणि तो मजला रिकामा होता.

"बघू नंतर," हॅलिडे फोनवर म्हणाले होते. "तोवर जाऊ देत ना त्या लेकीकडे, कॅरोलिनात."

या 'तोवर'चा अर्थ वांडाला पक्का ठाऊक होता. गेल्या हिवाळ्यात बावन्न नंबरचं म्हातारं जोडपं असंच तोवर म्हणून मुलाकडे गेलं आणि मागे कुलूप बदललं गेलं. बदललं ते वांडानेच. मार्चमध्ये ती म्हातारी परत आली आणि दाराशी उभी राहून कितीतरी वेळ जुनी किल्ली फिरवत राहिली. समोरच्या घरात वांडा पडद्याआड उभी होती. बाहेर गेली नाही.

आज गुरुवार. सरोवरावरून मोठं वादळ येतंय, संध्याकाळी रस्ते बंद होतील, असं रेडिओ सकाळपासून सांगत होता. वांडा तळमजल्यावर गेली तेव्हा मोरीतल्या भांड्यात पाणी गोठलेलं होतं आणि मिसेस टिलमन कोट-टोपी घालून खुर्चीत बसल्या होत्या.

"लेकीकडे जाणार नाही मी," त्या आधीच म्हणाल्या. "एकदा गेले की माझं सामान रस्त्यावर. मला काय कळत नाही होय गं?"

"लेकीकडे नाही. वर चला."

"वर? तो बोंब ठोकेल ना तुझा मालक!"

"ठोकू दे. उठा."

आणि आता मालक खरोखरच बोंब ठोकत होता.

"कामावरून काढीन तुम्हाला! मग राहती जागाही जाईल, लक्षात आहे ना?"

जागेचा विचार वांडाने केला नव्हता असं नाही. पण तिने किल्ली कुलपात घालून फिरवली.

"बाहेर उणे अठरा आहे, मिस्टर हॅलिडे. इथे हिवाळ्यात भाडेकरूचं घर गरम ठेवणं मालकाला भाग आहे. तुम्ही भट्टी देत नाही, मी मजला देतेय. पोलीस बोलवायचेत? बोलवा. कुठे काय बंद पडलंय ते दाखवते मी त्यांना."

"मालक कोण आहे इथला?"

तेवढ्यात मिसेस टिलमन आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बिडाचा तवा. कॅमेऱ्याला नाक लावून त्यांनी निरखून पाहिलं.

"हाच का तो? काय रे, एवढी ओढ आहे घराची तर ये की इकडे. फावडं देते तुला."

वांडाने गादीला खांदा लावला आणि ती जिना चढू लागली.

वादळ तीन दिवस घोंगावलं. पाइप फुटू नयेत म्हणून वांडाने तळमजल्याचं पाणी तोडलं आणि नळ उघडून सगळे पाइप रिकामे केले. वर मिसेस टिलमननी नव्या शेगडीवर मक्याची भाकरी भाजली आणि रंगाचा वास एकदाचा गेला. शनिवारी हॅलिडेंचा ईमेल आला. नोकरी गेली होती आणि फेब्रुवारीअखेर खोल्या रिकाम्या करायच्या होत्या.

सोमवारी रस्ते मोकळे झाले. वांडा शहराच्या कचेरीत गेली आणि तिने लाल चिठ्ठीची हकीकत लिहून दिली. मग दुसरा कागद मागून बावन्न नंबरच्या कुलपाचीही लिहिली. "कुलूप कोणी बदललं?" तिथल्या बाईने विचारलं. "मी," वांडा म्हणाली. "तेही लिहिलंय."

तपासनीस आला, हॅलिडेंना नवी भट्टी बसवावी लागली आणि मिसेस टिलमन खुर्चीसकट खाली परतल्या. बावन्न नंबरचं जोडपं मात्र परतलं नाही. म्हातारी या जानेवारीतच वारली होती.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी वांडा खोकी बांधत होती, तेव्हा फोन वाजला. पलीकडचा माणूस ओशाळल्यासारखा बोलत होता. तिच्या जागी नेमलेला, शहरात नवा.

"तुम्हाला विचारणं बरं नाही, पण पाण्याचे मुख्य नळ कुठे आहेत, कुणालाच सांगता येत नाहीये."

वांडा खोक्यावर बसली.

"पेन आहे जवळ? घ्या लिहून."

तिने सातही घरं सांगितली. कुठला नळ कुठल्या भिंतीत, कुठला पाइप आधी गोठतो, कुठल्या छपरावर बर्फ साचू देऊन चालत नाही. अठ्ठेचाळीस नंबर तिने शेवटी ठेवला.

"तळमजल्यावर दार वाजवलंत की थांबा. त्यांना यायला वेळ लागतो. घरात कोणी नाही म्हणून निघून जायचं नाही. लिहिलंत?"

"हो."

"वाचून दाखवा."