पोस्टाने येणारा पाय

दोन्ही खोकी एकाच दिवशी आली आणि मागच्या खोलीतून आईच्या इस्त्रीच्या टेबलाची हकालपट्टी झाली. त्या खोलीत आधीच माझी अर्धी गाडी उभी होती. ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यावर जुन्या मोटारीतून काढलेली सीट, पुढे स्टिअरिंग आणि भिंतीवर मोठा स्क्रीन. घरबसल्या रेसिंग करायचा मला नाद आहे. नोकरी कॉम्प्युटर दुरुस्तीची, पण ओळख करून द्यायची वेळ आली की मी आधी रेसिंगचं सांगतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर 'म्हणजे गेमच ना' असा भाव दिसला की चिडतो.

खोक्यांत पेडलचे दोन संच होते, एक काळा आणि एक चंदेरी. दोन्ही मधल्या भावातले, म्हणजे खेळण्यातलं प्लास्टिकही नाही आणि घर गहाण टाकावं असंही काही नाही. ओळखीच्या दुकानदाराने ते वापरून बघायला दिले होते. आठवड्याभरात परत करायचे आणि कोणता घ्यावा यावर त्याच्या वेबसाइटसाठी चार शब्द लिहायचे. स्वस्त पेडलला ब्रेक किती खाली गेला एवढंच कळतं. या दोघांना तुम्ही जोर किती लावला ते कळतं, खऱ्या गाडीसारखं. त्यासाठी आत दाब मोजणारा एक तुकडा आणि त्याच्यामागे रबराच्या चकत्या असतात. मला यातलं फार कळतं असा माझा समज होता.

एकट्याच्या पायावर निकाल द्यायचा नाही असं मी ठरवलं. घरात आणखी दोघांचे पाय आयते होते. बाबांचा पाय म्हणजे सगळ्या पायांचा राजा. ते ड्रायव्हिंग शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे त्यांच्यासाठी वेगळा ब्रेक आहे, आणि आजवर त्या गाडीला साधा ओरखडाही पडलेला नाही हे ते पाहुण्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत सांगतात. दुसरा पाय आईचा. त्या पायाची आमच्या घरात थट्टा होती.

आई लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. ज्याची शीर कोणालाच सापडत नाही त्याच्यासाठी तिला बोलावतात. हात इतका हलका की लहान मुलं सुई टोचून झाली तरी रडायचं विसरतात. पण गाडी शिकायला बाबांच्या शेजारी बसली की तिचा पाय ब्रेकवर वेळेत म्हणून पोहोचायचा नाही. "उशीर, उशीर," असं म्हणत बाबा आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचे. एकदा मागच्या सीटवरून मी म्हणालो की आईचा पाय पोस्टाने येतो. बाबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते आपल्या विद्यार्थ्यांनाही ऐकवायला सुरुवात केली.

लायसन्सच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा तिने इतका करकचून ब्रेक मारला की परीक्षकाचा चष्मा त्याच्या मांडीवर पडला. दुसऱ्यांदा सिग्नल लाल झाला तरी गाडी आपली चालतेच आहे. शेवटी परीक्षकाने हँडब्रेक ओढला आणि विचारलं, "बाई, तुम्ही कोणाची वाट बघताय?" हे तिनेच घरी येऊन सांगितलं. आम्ही पोट धरधरून हसलो. तीही हसली.

तिसरी परीक्षा येत्या शुक्रवारी होती आणि या वेळी हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लॅब शहराच्या टोकाला नवी शाखा काढत होती. तिथला सगळा कारभार लॅबच्या मॅडम आईच्या हाती द्यायला तयार होत्या. अट एकच, नमुन्यांची पेटी घेऊन स्वतः गाडी चालवत दोन्हीकडे जा-ये करता आली पाहिजे. हो की नाही ते सोमवारपर्यंत सांगायचं होतं. आईला ती जागा हवी होती. तसं ती तोंडाने बोलली नव्हती, पण बस नव्या शाखेवरून जायला लागली की ती बसल्या जागेवरून अर्धी उठून बघायची, हे मी पाहिलं होतं.

रविवारी बाबांची गाडी गॅरेजमध्ये होती. मला पाय हवे होते आणि आईला सराव. मी तिला माझ्या सीटवर बसवलं आणि काळा संच तिच्या पायाशी लावला. रेसिंग नाही, शहरातल्या रस्त्यांचा साधा सराव. सिग्नल, वळणं, मधूनच आडवे येणारे सायकलवाले. चंदेरी संच एका फळीवर बसवून शेजारी ठेवला आणि बाबांना खुर्ची दिली. खुर्चीला चाकं होती. बाबांनी पहिला ब्रेक दाबला आणि ब्रेक राहिला जागेवर, बाबाच मागे कपाटापर्यंत गेले. आई खळखळून हसली. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसू. मग मी तिच्या ओढणीने खुर्ची लॅपटॉपच्या टेबलाच्या पायाला बांधली.

दोघांच्या पायांचा जोर एकाच वेळी नोंदवून दोन्ही संचांची तुलना करायची असा माझा बेत होता. पण गेम एकच ब्रेक ओळखत होता. म्हणून चंदेरी संचाची वायर मी लॅपटॉपला लावली. तिथे बाबांच्या पायाची नुसती नोंद होणार होती, गाडीशी त्याचा काही संबंध नव्हता. हे त्यांना सांगायचं राहून गेलं. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

आई निघाली आणि बाबा नेहमीचे बाबा झाले. मान पुढे, डोळे रस्त्यावर, डावा हात हवेत. पहिल्याच सिग्नलला "उशीर" म्हणून त्यांनी पाय दाबला आणि गाडी रेघेच्या अलीकडे थांबली. वळणावर पुन्हा तेच. एक सायकलवाला गल्लीतून अचानक बाहेर आला तेव्हा बाबांचा पाय धाडकन आदळला, फळीसकट. गाडी सायकलच्या वीतभर अलीकडे उभी राहिली. आईच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

सराव संपल्यावर बाबा गुडघा चोळत उठले. आपण नसतो तर तो सायकलवाला गेलाच होता, असं ते म्हणाले. आई सीटवरच बसून होती. तिने विचारलं, "खरंच मी फार उशीर करते का हो?"

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मायेने बोलले. "अगं, एकेकाचा पिंड असतो. तुझा हात सोन्याचा आहे. पायाचं सोडून दे."

आईने मान हलवली आणि उठून गेली.

मी स्क्रीनकडे बघत होतो. दोन रेघा होत्या. चंदेरी संचाची रेघ प्रत्येक ठिकाणी आधी उसळलेली, वेडीवाकडी. तिच्यामागून काळ्या संचाची रेघ शांतपणे चढलेली आणि शांतपणे उतरलेली. गाडीचा वेग उतरत होता तो काळ्या रेघेबरोबर. दुसऱ्या कशाने तो उतरणार होता? सायकलवाल्यापाशीसुद्धा आईचा पाय जेव्हा पडायला हवा तेव्हाच पडला होता. तिला उशीर कुठेच झाला नव्हता. बाबांनाच कायम घाई होती.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की पेडल झकास आहेत, खऱ्या गाडीसारखी गाडी थांबवतात. मी तोंड मिटलं. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की म्हटलं नंतर सांगू. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की हे सांगितलं असतं तर माझा विनोदही गेला असता, आणि त्या विनोदावर मी घरात बरीच वर्षं मोठा झालो होतो.

संध्याकाळी मी दुकानदारासाठी लिहायला बसलो. चंदेरी संच तत्पर आहे आणि काळा जरा आळशी, असं लिहिलं. पुराव्याला त्या दोन रेघांचं चित्र जोडलं. आळस कोणाचा आणि तत्परता कसली हे माहीत असून लिहिलं. बाहेरच्या खोलीत आई कोणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी दार लोटून घेतलं, लिहिताना मला आवाज चालत नाही.

सोमवारी सकाळी ती डबा भरत होती. मॅडमना किती वाजता फोन करणार, असं मी सहज विचारलं.

"कालच केला," ती म्हणाली. "नाही म्हणून सांगितलं. त्या आता दुसरीला विचारतील." डब्याचं झाकण बसत नव्हतं, ते तिने तळहाताने दाबलं. शुक्रवारची परीक्षाही रद्द करणार होती. उगाच कशाला साहेबाचा चष्मा पाडायचा, असं ती म्हणाली. आपलीच थट्टा करायची सवय तिला आम्हीच लावली होती.

मग मात्र माझ्याने राहवेना. मी दोघांना मागच्या खोलीत नेलं. बाबा नुकतेच गॅरेजमधून गाडी घेऊन आले होते, हातात किल्ली, पायात बूट. मी रेघा दाखवल्या, वायर दाखवली. बोलताना माझी नजर वायरवरून वर येत नव्हती.

"म्हणजे यांच्या पायाने काहीच झालं नाही?" आईने विचारलं.

"नाही. बाबांची वायर गाडीला नव्हतीच."

"मग गाडी थांबवली कोणी?"

प्रश्न मला नव्हता. बाबा खाली वाकले. चंदेरी संचाची वायर चिमटीत धरून ती टेबलाखालून लॅपटॉपपर्यंत कशी जाते हे त्यांनी तपासलं, मग पुन्हा उलट तपासलं. मशीनचं काय खरं असतं, असं काहीतरी पुटपुटले. मग तेही थांबलं. फळीजवळ उकिडवे बसलेले बाबा मला एकदम म्हातारे वाटले आणि मी दुसरीकडे बघितलं.

आई आवाज न चढवता बोलत होती. गाडीत तिचा पाय पोहोचायच्या आत तिच्या पायाखालचं पेडल खाली गेलेलं असायचं, कारण दोन्ही ब्रेक आतून जोडलेले. तिला वाटायचं, आपणच उशिरा आलो. ब्रेक आपल्या पायाला कसा लागतो हेच तिला कधी कळलं नव्हतं. परीक्षेत पेडल आपोआप खाली जाईना, म्हणून एकदा जोरात दाबलं आणि एकदा नुसतीच थांबून राहिली.

"तो माणूस बरोबर विचारत होता," ती म्हणाली. "मी यांचीच वाट बघत होते. तुम्ही दोघं हसलात ते जाऊ दे. मीही हसले."

मग ती माझ्याकडे वळली. "तुला कधी कळलं?"

"काल."

"काल कधी?"

"तू सीटवरून उठलीस तेव्हा."

"म्हणजे मी फोन करत होते तेव्हा तुला माहीत होतं."

मी हो म्हणालो. तिने मला कधी मारलेलं नाही, पण त्या क्षणी एक ठेवून दिली असती तर मला हलकं वाटलं असतं. तिने तसं काही केलं नाही. जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात, तसं मला पहिल्यांदाच मनापासून वाटलं. पोस्टाने कोण येतं ते आता अगदी उघड झालं होतं.

आईने बाबांसमोर हात पुढे केला. बाबांनी आधी वायर दिली, मग चूक लक्षात येऊन किल्ली दिली. मॅडमना तोंडावर जाऊन सांगते, ती म्हणाली, नाही म्हटलेलं परत घेता येतं का बघते. दुसरीने हो म्हटलं असेल तर शाखा गेली. पण शुक्रवारी परीक्षेला बसणार.

शिकणाऱ्याच्या शेजारी लायसन्स असलेला माणूस लागतो. बाबा शेजारच्या दारापर्यंत गेले, हँडलला हात लावला आणि मग मागचं दार उघडून बसले. "पुढे तू बस," मला म्हणाले. "माझ्या पायाचा भरवसा नाही." लायसन्स माझ्याकडेही होतं. ब्रेक आता माझ्या पायाशी आला. मी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घालून बसलो. आईने एकदा माझ्या मांडीकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

कोपऱ्यावरचा सिग्नल पिवळा झाला. मागून बाबांचा बूट मॅटवर दाबल्याचा आवाज आला. त्याने अर्थातच काही झालं नाही. थोड्या वेळाने आईचा पाय हलला, गाडीचा वेग हळूहळू उतरत गेला आणि ती रेघेच्या अलीकडे थांबली. डॅशबोर्डवरचा तिचा डबा जागचा हलला नाही.

बाबांनी घसा खाकरला, पुन्हा खाकरला. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा कुठे ते बोलले.

"तू थांबवलीस."

"काय?"

"मघाशी विचारलंस ना, कोणी थांबवली. तू थांबवलीस. आधीही तूच थांबवली असतीस, मी थांबू दिली नाही."

आईने गिअर टाकला. "पोस्टाने आलं उत्तर," ती म्हणाली, आणि या वेळी आम्हा दोघांपैकी कोणीच हसलं नाही.