दहा मिनिटांचं काम

चाकूवाल्यानं अंकुर लांजेवारला फसवलं, हे खरंच. पण त्या बिचाऱ्याचा गुन्हा तेवढाच. पुढची सगळी माती अंकुरनं स्वतःच्या हातानं केली, आणि तीही भलं करायला जाऊन.

झालं असं, की आई गेल्यापासून त्याचे बाबा बोलेनासे झाले होते. बाबा म्हणजे विठोबाजी. हिंदी मुलखातल्या रांझीच्या कारखान्यातले टूलरूमचे फिटर, चौतीस वर्षं हातात कानस धरलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही मिक्सर म्हणा, शिलाई मशीन म्हणा, घरातली एक वस्तू त्यांनी बाहेर दुरुस्तीला जाऊ दिली नव्हती. पण बायको भानुमतीबाई गेल्या, त्यात हाताला कंप सुटला, आणि ते व्हरांड्यातल्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. "जेवले का?" "हो." "बरं वाटते का?" "हो." संपलं बोलणं! नळ गळायला लागला तर सुनेला म्हणाले, "प्लंबरला बोलाव."

वाढदिवस जवळ आला होता. अंकुर विम्याच्या ऑफिसात बसून मोबाइलवर काहीबाही शोधत होता, तेव्हा त्याला तो दिसला. खटक्याचा चाकू! पितळी मूठ, बटन दाबलं की पातं खटकन बाहेर, धार नाही, निव्वळ शोभेचा. 'संग्राहकांसाठी फक्त पाचशे नग', आणि वर सागवानी डबी. स्प्रिंग, कुलूप, खटका असं काही दिसलं की बाबांचा जीव त्यात अडकतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. लगेच मागवला.

डबी कसली सागवानी! प्लायवूडवर लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवलेला. आतल्या चाकूचं तर विचारूच नका. बटन दाबलं की पातं अर्ध्यावर येऊन लटकायचं, मिटवायला गेलं की मुठीत घासायचं, आणि मुठीचा पितळी रंग निघून बोटांना लागायचा. अंकुरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"परत करतो, बाबा," तो म्हणाला.

विठोबाजींनी चाकू कानाशी नेऊन हलवला. बटन दाबलं. आणि वर्षभरात पहिल्यांदा हसले.

"कोणत्या गाढवानं बनवला बे हा? पिन पाह्य, नुसती ठोकून देल्ली! आणि ही स्प्रिंग होय? बॉलपेनातली दिसते."

"म्हणून तर परत करतो ना."

"काहून? राहू दे. मी पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी पलंगाखालची पत्र्याची पेटी निघाली. व्हरांड्यात स्टूल आलं, स्टुलावर वस्तू घट्ट धरणारा छोटा वाईस बसला, जुनं भिंग आलं. शेजारचे आलोकजी, टूलरूममधले त्यांचे जोडीदार, दुपारचे येऊन बसायला लागले. "लांजेवार जी, ये पिन नहीं चलेगी." "अरे यार, तुम्हें क्या पता, तुम तो लेथ वाले हो!" ही भांडणं ऐकून अंकुरची बायको प्रणाली स्वयंपाकघरात एकटीच हसायची. विठोबाजी बंद पडलेल्या घड्याळाची स्प्रिंग कापायचे, ती उडून पलंगामागे जायची, मग शिव्या घालत तिला शोधायचे. हात थरथरायचा, तर मनगट वाईसला टेकवून कानस चालवायचे. पातं जिच्यावर फिरतं ती एक पिन दिवसभरात घडायची आणि संध्याकाळी तीच रद्द व्हायची. "केसभर जाड झाली," म्हणायचे आणि जेवायला बसायचे.

अंकुर रोज ऑफिसातून आला की हे बघायचा. आणि काय बघायचा? थरथरणारा हात. दुसरं काही त्याच्या डोळ्यात शिरलंच नाही. तीन आठवडे झाले तरी बाबा आपले पिनेवरच! आपण आणलेल्या या भिकार वस्तूनं म्हाताऱ्याचे हाल चालवलेत, असं त्याच्या मनानं घेतलं.

एका शनिवारी बाबा आलोकजींबरोबर डोळे तपासायला गेले होते. अंकुरनं चाकू उचलला, मोटरसायकल काढली आणि गोहलपुरात कुलुपं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराचं दुकान गाठलं. कारागिरानं चाकू खोलला आणि पिन उजेडात धरली.

"ये किसने बनाई है, भैया?"

"पिताजी ने."

"हाथ तो पक्का है. बस ज़रा सी कसर रह गई. दस मिनट का काम है."

आणि खरोखर दहा मिनिटांत नवी पिन, नवी स्प्रिंग. बटन दाबलं की खटक, मिटवलं की गुमान आत. बाबांची पिन कारागिरानं बाजूला टाकली, अंकुरचं तिकडे लक्षही नव्हतं. तो इतका खुशीत घरी आला की वाटेत जिलेबी घेतली.

"घ्या बाबा, गोहलपुरातून करून आणला," तो म्हणाला. "आता तुम्हाला त्रास नको."

विठोबाजींनी बटन दाबलं. मिटवला. पुन्हा दाबलं.

"चांगला केला," ते म्हणाले. "माझी पिन कुठे आहे?"

"ती... तिथंच राहिली."

"अच्छा."

संध्याकाळी वाईस स्टुलावरून उतरला आणि पेटी पलंगाखाली गेली. आलोकजी आले, चाकू पाहून "वाह, बढ़िया" म्हणाले, चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. विठोबाजी खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत राहिले.

चार दिवसांनी प्रणालीच्यानं राहवलं नाही. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो शहाणपणा करायला? मामाजी रोज एक पोळी जास्त खाऊन राह्यले होते. गोष्टी करून राह्यले होते. तुम्हाला दिसलंच नाही?"

नव्हतं दिसलं. आता दिसलं, आणि अंकुरच्या तोंडचा घास तोंडात फिरायला लागला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून तो गोहलपुरात गेला. पिन केव्हाच झाडून टाकली होती.

मग त्याला आणखी एक अक्कल सुचली. रविवारी सकाळी बाबा आंघोळीला गेले, तसा त्यानं चाकू खोलला, पकडीनं स्प्रिंग वाकवली, पिन सैल केली. बाबा बाहेर आले तेव्हा साळसूदपणे म्हणाला, "बाबा, हा पुन्हा अडकून राह्यला. बेकार काम केलं त्या माणसानं."

विठोबाजींनी टॉवेल खुर्चीवर टाकला आणि भिंग मागितलं. अंकुर पळतच घेऊन आला. आता शिव्या घालतील, आता पेटी मागतील, या आशेनं तो तिथंच उभा राहिला.

त्यांनी चाकू उजेडाकडे धरला आणि मुठीतली स्प्रिंग भिंगातून पाहिली.

"ही स्प्रिंग थकली नाही," ते म्हणाले. "वाकवली आहे. पकडीचे दात उमटले, हे पाह्य."

अंकुरनं मान खाली घातली.

"तू केलं?"

"हो."

"काहून रे?"

मी चुकलो बाबा, तुम्ही पुन्हा कामाला बसावं म्हणून केलं, एवढंच सांगायचं होतं. पण सांगायची गरजच नव्हती, विठोबाजींना सगळं कळलं होतं. ते रागावले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, तर किती बरं झालं असतं! त्यांनी चाकू मिटवून अंकुरच्या हातात ठेवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी तो पडला की फिरवायचे तसा.

"त्याच्याकडेच ने," ते म्हणाले. "माझ्याच्यानं नाही होणार आता."

तीन आठवडे तो हात थरथरला, पिना रद्द झाल्या, स्प्रिंगा उडाल्या. तेवढ्या दिवसांत हे वाक्य त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं.