ब्रेकचं स्पेलिंग

मला शाळा सोडून दोन वर्षं झाली. सोडली म्हणजे काय, तर नववीत इंग्रजीच्या सरांनी माझा निबंध चुकांसकट वर्गासमोर वाचून दाखवला, पोरं खिदळली, आणि मी तो कागद त्यांच्या हातातून ओढून टराटरा फाडला. दप्तर उचललं, घरी आले. परत गेलेच नाही. तेव्हापासून मामाच्या गॅरेजात आहे.

आता नव्या गाड्यांचा एक कोर्स निघालाय, त्याला दहावी लागते. म्हणून बाहेरून परीक्षेला बसायचं मीच ठरवलं. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आला तरी एक रकाना रिकामाच होता: ‘शिक्षणातील खंडाचा प्रकार व कारण. इंग्रजीत लिहावे. खाडाखोड असल्यास अर्ज बाद.’

“गॅप लिही,” आई म्हणाली. लाँड्रीत कामाला जायच्या आधी ती मुद्दाम गॅरेजात आली होती. “वरच्या मजल्यावरची पोरगी सगळ्यांना सांगत फिरते, मी गॅप घेतलाय. कसं भारी वाटतं.”

“गॅप स्पार्क प्लगला असतो,” मामा इंजिनात डोकं घालूनच बोलला.

“मग लेफ्ट?” मी विचारलं.

“लेफ्ट म्हणजे गेली, विषय संपला. तू परत चाललीयेस ना? ब्रेक लिही. ब्रेक लावला म्हणून कुणी गाडी भंगारात देत नाही.”

“आणि कारण आजारपण लिही,” आई म्हणाली.

“मी कुठे आजारी होते?”

“डोक्याने होतीस.”

ब्रेकचं स्पेलिंग मी फळीवरच्या ब्रेक-पॅडच्या खोक्यावरून उतरवलं. बी-आर-ए-के-ई. दोन वर्षं रोज ती खोकी उघडतेय, चूक होणं शक्यच नव्हतं. कारण मात्र खरं लिहिलं. अँगर. त्याचं स्पेलिंग पाठच होतं, सरांनी माझ्या प्रगतिपुस्तकावर तीनदा लिहिलेलं.

परीक्षेच्या ऑफिसात फॉर्म घ्यायच्या खिडकीशी पोचले तेव्हा बारा वीस झाले होते. साडेबाराला खिडकी बंद होणार होती. माझ्यामागे अजून चारपाच जण. आतल्या मॅडमनी फॉर्म वाचला, चष्मा वर केला, परत वाचला. मग शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कला म्हणाल्या, “अहो, ऐका. हिच्या शिक्षणाला ब्रेक लागलाय. गाडीचा!”

तो हसला. माझ्या मागचे पण हसले, त्यांना काय कळलं देव जाणे. मला एवढंच कळलं, की गाडीच्या ब्रेकचं स्पेलिंग वेगळं असतं आणि माझं परत तेच झालंय. कान तापले.

“खाडाखोड चालत नाही,” मॅडमनी फॉर्म काचेखालून माझ्याकडे ढकलला. “कोरे फॉर्म संपलेत. पुढच्या वर्षी ये.”

अख्खं वर्ष! माझा हात फॉर्मवर गेला. कागदाची कड चिमटीत आली पण. फाडायला किती वेळ लागतो ते मला चांगलं माहीत आहे. रडू येऊ नये म्हणून मी वर बघितलं, तर काचेच्या आत दोरीने एक पाटी टांगलेली. लंच, आणि त्याच्यापुढे बी-आर-ए-के-ई. साडेबारा ते एक.

एरवी मी ओरडून सगळ्या लाईनीला वाचून दाखवलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण कोरे फॉर्म संपलेत हे डोक्यातून जाईना. चिमूट सोडली, काचेच्या भोकाशी वाकले आणि हळूच म्हटलं, “मॅडम, तुमची पाटी बघा ना एकदा.”

त्यांनी पाटी स्वतःकडे फिरवली. एकेक अक्षर ओठांनी वाचलं.

“पाच वर्षं लावतेय मी ही,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

“दोघी एकाच शाळेतल्या दिसताय,” क्लार्क म्हणाला.

“तुम्ही तुमचं बघा!” मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, “मोठ्याने का नाही बोललीस? मी तर बोलले.”

“मोठ्याने बोलले असते तर पुढच्या वर्षी त्याच रकान्यात परत तेच कारण लिहावं लागलं असतं.”

त्यांनी फॉर्म परत आत ओढला. कारणावर बोट ठेवलं आणि हसल्या. हे हसणं मला टोचलं नाही.

“खाडाखोड तुझी चालत नाही,” त्यांनी लाल पेन उघडलं. “माझी चालते.”

एक शब्द खोडला, वर नवा लिहिला, बाजूला सही. मग शिक्का एवढ्या जोरात मारला की टेबलावरच्या टाचण्या उडाल्या. पोचपावती माझ्या हातात आली. मागच्यांचे फॉर्मही त्यांनी भराभर घेतले.

मी निघाले तर काचेवर टकटक झाली. मॅडमनी पाटी उतरवून उलटी केली होती. मागची बाजू कोरी. त्यांनी ती मार्करसकट काचेखालून बाहेर सरकवली.

“माझं अक्षर घाण आहे,” त्या म्हणाल्या. “लिही.”

मी फॉर्मवरचा लाल शब्द आठवला आणि लिहिलं. बी-आर-ई-ए-के. के जरा वाकडा आला.

“चालेल,” त्या म्हणाल्या. “आता पळ, मला भूक लागलीय.”